रहस्यमालिका शेवटपर्यंत पाहावी, पण पथ्य पाळून

टीव्हीवरच्या रहस्यमालिकेचा आणि आरोग्याचा काय संबंध, असे काही वाचक विचारतील. दवाखान्यात बसणाऱ्याला तो संबंध रोज दिसतो. सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्या माणसाला ‘रात्री किती वाजता जेवलात?’ असे विचारावे, तर ‘मालिका संपल्यावर’ असे उत्तर येते. या तपासणीआधी निदान आठ तास पोटात अन्न जायला नको. अकराला मालिका संपली, साडेअकराला ताट वाढले आणि सकाळी सातला रक्त दिले, तर ती तपासणी उपाशीपोटी झाली असे म्हणता येत नाही. रक्तदाबाची गोळी, रात्रीचे इन्सुलिन, गुडघ्याला लावायचे तेल, सगळेच मालिकेच्या आधी किंवा नंतर. मालिका हेच पुष्कळ घरांतले रात्रीचे घड्याळ झाले आहे. म्हणून आज या सदरात तिचा विचार करू.

यावर घरातल्या तरुण मंडळींचा आणि आमच्यापैकी काही डॉक्टरांचाही उपाय ठरलेला असतो. ‘बंद करा ते खूळ.’ मला हा उपाय पटत नाही. महिनोन् महिने एका कथेचा माग काढणे हे खूळ नव्हे. ज्या घरात मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत आणि मागे दोघेच किंवा एकटी आजीच उरली आहे, तिथे रोज ठरल्या वेळी भेटणारी माणसे बहुधा त्या पडद्यावरचीच असतात. ‘खून कोणी केला असेल?’ या प्रश्नावर शेजारणीशी दुसऱ्या दिवशी दोन वाक्ये बोलणे होते. ते बोलणे आम्ही लिहून दिलेल्या कोणत्याही टॉनिकइतकेच मोलाचे आहे. तेव्हा मालिका पाहावी. हाती घेतलेली रहस्यमालिका आवडत असेल तर शेवटापर्यंतही पाहावी. प्रश्न आहे तो तिच्यापायी काय काय द्यायचे, याचा.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि त्यानिमित्ताने जमलेले कुटुंब, अशी तिची सुरुवात होती. वेळ रात्री साडेदहाची. पहिले पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपले. म्हणजे जवळजवळ आठ महिने. आठवड्याचे पाचच दिवस आणि रोज अर्धाच तास धरला, तरी ही बेरीज ऐंशी तासांच्या पुढे जाते. पुढे २०१९ मध्ये दुसरे आणि २०२१ मध्ये तिसरे पर्व आले. रहस्याचा शेवट मी इथे सांगत नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्या जिवाला घोर नको.

आता, अर्धवट राहिलेली गोष्ट आपल्याला इतकी का ओढते? जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक आणि मारिया ओव्हसियांकिना या दोन संशोधक स्त्रियांनी यावर काम केले. झायगार्निक यांनी १९२७ साली असे मांडले, की अपुरी राहिलेली कामे पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. त्यांचे हे म्हणणे पुढच्या तपासण्यांत तितकेसे टिकले नाही. ओव्हसियांकिना यांनी मात्र १९२८ साली दाखवले, की मध्येच तोडलेले काम माणूस संधी मिळताच, कोणी सांगितले नसतानाही पुन्हा हाती घेतो. ही गोष्ट टिकली. मालिका लिहिणाऱ्यांना ती संशोधनाशिवायच ठाऊक असते. म्हणून भागाचा शेवट नेहमी दार करकरताना होतो. दारामागे कोण आहे ते उद्या. तेव्हा मन गुंतते म्हणून स्वतःला दोष देऊ नये. मनाची घडणच तशी आहे.

खरी किंमत झोपेतून वसूल होते. प्रौढ माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी. साडेदहाची मालिका अकराला संपते. मग जेवण, आवराआवर, आणि अंथरुणाला पाठ लागली तरी डोळ्यासमोर तो वाडा. बारा-साडेबारा सहज होतात. सकाळी पाचला पाणी येते किंवा दूधवाला येतो, म्हणजे उठणे चुकत नाही. साडेचार-पाच तासांच्या झोपेवर माणूस एखादा दिवस काढील, आठ महिने कसे काढणार?

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती विश्रांती असते. झोपच तोकडी झाली की ही विश्रांतीही तोकडी होते. मधुमेह्याचे तर दुहेरी नुकसान. अपुऱ्या झोपेने शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि पडद्याकडे लक्ष ठेवून जेवताना चार घास जास्त जातात. पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोहोचते, पण तिकडे लक्ष कोणाचे असते?

एका गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि ती म्हणजे झोपेच्या गोळ्यांची मागणी. ‘डॉक्टर, अलीकडे झोपच येत नाही, काहीतरी लिहून द्या,’ असे म्हणत साठी-सत्तरीची माणसे येतात. चौकशी केली की कळते, रात्री अकरापर्यंत भुताखेतांचा किंवा खुनाचा खेळ चाललेला असतो, छाती धडधडत असते आणि दिवा मालवताच झोप यावी अशी अपेक्षा असते. या वयात झोपेची गोळी ही साधी गोष्ट नाही. रात्री लघवीला उठताना तोल जातो, माणूस न्हाणीघराशी पडतो आणि मांडीचे हाड खुब्याशी मोडते. त्यातून पुन्हा पहिल्यासारखे हिंडते-फिरते होणे सगळ्यांना जमत नाही. मालिका अर्धा तास अलीकडे आणून जे साधते, त्यासाठी ही जोखीम का घ्यावी? ज्यांना डॉक्टरांनी आधीच गोळी दिली आहे, त्यांनी मात्र हे वाचून ती एकाएकी बंद करू नये. आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ती कमी करावी.

‘पण आजचा भाग चुकला तर चैन पडणार नाही,’ असे कोणी म्हणेल. याचा पडताळा आपण सर्वांनी मिळून घेतलेला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मालिकांचे चित्रीकरण थांबले. ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व तेव्हा ऐन रंगात होते. नवे भाग पुन्हा सुरू झाले ते जुलै २०२० मध्ये. तीन महिन्यांहून अधिक काळ गोष्ट होती तिथेच थांबली. त्या दिवसांत माणसांना चिंता पुष्कळ होत्या, पण मालिकेचा पुढचा भाग कळला नाही म्हणून कोणी आजारी पडल्याचे मी पाहिले नाही. जे तीन महिने थांबू शकले, ते एक रात्र थांबू शकतात.

दुसरा मुद्दा जरा नाजूक आहे. काही जण मालिका आवडते म्हणून पाहत नाहीत. ‘इतके दिवस पाहिली, आता सोडायची कशी?’ म्हणून पाहतात. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात यावर एक छान प्रयोग झाला. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. नाटकांच्या हंगामाचे तिकीट घ्यायला आलेल्या काही प्रेक्षकांना पूर्ण दराने, तर काहींना त्यांनी न मागताच सवलतीत तिकिटे दिली. सवलत कोणाला द्यायची हे केवळ योगायोगावर सोडले होते. नाटके तीच, नाट्यगृह तेच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजणारे जास्त नाटकांना हजर राहिले. पैसे तर गेलेच होते, परत येणार नव्हते; पण ते ‘वसूल’ करायला पाय नाट्यगृहाकडे वळत होते. मालिकेत पैशाऐवजी रात्री गेलेल्या असतात, इतकाच फरक.

म्हणून मी रुग्णांना एक प्रश्न विचारायला सांगतो. ही मालिका आजच पहिल्यांदा लागली असती, तर मी ती पाहायला बसलो असतो का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल शेवटापर्यंत पाहा. ‘नाही’ असेल तर सोडून द्या आणि शेवट शेजाऱ्यांना विचारा. गेलेल्या रात्री काही परत येत नाहीत, पुढच्या तरी वाचतील.

आणि शेवटाकडून फार अपेक्षाही ठेवू नये. हे आपल्याकडचेच दुखणे नाही. अमेरिकेत ‘लॉस्ट’ नावाची विमान-अपघाताची आणि गूढ बेटाची मालिका २००४ ते २०१० अशी सहा पर्वे चालली. तिच्या शेवटावरून प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. कोणी गहिवरले, कोणी चिडले. वर्षानुवर्षे ताणलेल्या प्रश्नाला सर्वांचे समाधान होईल असे उत्तर मिळणे कठीणच. मालिकेची गोडी त्या एका उत्तरात कमी आणि वाट पाहण्यात, तर्क करण्यात जास्त असते. ती वाट दिवसाउजेडीही पाहता येते.

आता पथ्य सांगतो.

(१) जेवण आणि औषध मालिकेआधी. शक्यतो आठ-साडेआठला जेवून घ्यावे आणि ताट टीव्हीसमोर नेऊ नये. इन्सुलिनची आणि गोळ्यांची वेळ डॉक्टरांनी सांगितली तीच ठेवावी, ती वाहिनीवर सोपवू नये.

(२) मालिका झोपेच्या वेळेला खेटून असेल तर दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण पाहावे. दुपारी भांडीकुंडी आवरल्यावर पाहिलेले रहस्य रात्रीइतकेच रहस्य असते. शेजारणीला तेवढे सांगून ठेवावे, की आधी काही बोलू नकोस.

(३) हल्ली मोबाईलवर सगळे भाग एकापाठोपाठ मिळतात आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. अशा वेळी भागाच्या शेवटी थांबायचे ठरवू नये. शेवटी गळ टाकलेला असतो. भागाच्या मध्यावर, प्रसंग जरा शांत असताना थांबावे. ते फार सोपे जाते. मोबाईल अंथरुणात मात्र नेऊ नये, डोळ्यांशी धरलेला प्रकाश झोप लांबवतो.

(४) जाहिराती लागल्या की उठावे. चार पावले टाकावीत, पाणी प्यावे, डोळे मिटून उघडावेत. एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात.

(५) भीतीच्या मालिका लहान मुलांना बाजूला बसवून पाहू नयेत. आपल्याला ती गंमत वाटते, पण मूल ती रात्रभर उशाशी घेऊन झोपते.

(६) मालिका संपल्यावर निदान अर्धा तास दुसरे काही करावे. उद्याची भाजी निवडावी, देवाचे नाव घ्यावे, घरच्यांशी बोलावे. छातीची धडधड खाली आल्यावर मगच दिवा मालवावा.

शेवटी एक सांगायचे राहते. मोठी मालिका संपते त्यानंतरचे आठ-दहा दिवस वयस्कर माणसांना फार सुने जातात. रोजचे येणारे कोणी येईनासे झाले, असे त्यांना वाटते. घरच्यांनी याची थट्टा करू नये. नवी मालिका लगेच सुरू होतेच आणि रिकामी झालेली वेळ बळकावते. त्याआधी परगावच्या मुलांनी त्या वेळेला घरी फोन करावा. ‘आई, शेवटी कोण निघाला गं खुनी?’ एवढे विचारले तरी पुरे. ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगेल, आणि त्या रात्री तिला झोपही चांगली लागेल.