भाताची रात्र

आमच्या कारापुरास येणारा पाहुणा वाळवंटीकाठचे विठ्ठलमंदिर पाहून साखळीकडे परततो. शाळेच्या वाटेवरील भातशेताकडे त्याचे लक्ष जाण्याचे कारण नाही. गेल्या आश्विनात मात्र त्या शेताने आम्हांस बराच वेळ उभे करून ठेविले. सारे शेत लोंब्यांनी वाकलेले, आणि रस्त्यावरील नव्या दिव्याभोवतीचा तुकडा तेवढा हिरवागार. पोटरीसही न आलेला!

तो दिवा आमच्याच अर्जावरून लागला होता. सायंकाळी उशिरा परतणाऱ्या मुलींची वाट अंधारी, म्हणून दोन वर्षे आम्ही त्याच्या मागे होतो. त्यामुळे शेतकरी तक्रार घेऊन आला तेव्हा, शिक्षकी सवयीप्रमाणे, ऐकून घेण्याआधीच आम्ही उत्तर दिले, "युरिया जास्त पडला असेल."

"युरिया सगळीकडे सारखाच टाकला, मास्तर. तुमच्या दिव्यानं माझ्या भाताला झोप येईना."

आम्ही हसलो. हसावयास नको होते.

दुसऱ्या दिवशी नीट पाहिले. खांबाजवळ एक जांभूळ आहे. तिच्या बुंध्याची सावली रात्री शेतात जेथे पडते, तेवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात लोंब्या आल्या होत्या. बी तेच, खत तेच, पाणी तेच. उणा होता तो फक्त उजेड.

गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूच्या एका जातीवरून दाखवून दिले की, फुलोऱ्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरू शकते. पुढे कळले की, वनस्पती खरोखर मोजते ती रात्र. सलग अंधार मध्येच थोड्या उजेडाने भंगला तरी हिशेब चुकतो. वनस्पतीच्या अंगी एक घड्याळ असते आणि पानांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य. तांबड्या उजेडाने त्याचे रूप पालटते, अंधारात ते हळूहळू पूर्ववत होते. हे द्रव्य १९५९ साली बेल्ट्सव्हिलच्या कृषिसंशोधन केंद्रात हाती लागले.

आमच्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, सर्वांत लहान सव्वाअकरांचा. एवढ्याशा फरकावर कित्येक गावठी भाते आपला फुलोरा बेततात. पेरणी पंधरवडा मागेपुढे झाली तरी लोंबी बाहेर पडते ती रात्री वाढू लागल्यावर, पाऊस ओसरताना. १९६८ साली आलेल्या 'जया'स दिवसाच्या लांबीचे विशेष सोयरसुतक नाही. म्हणूनच ती वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पाण्याखालील पिकातही चालते. आमच्या शेतकऱ्याने 'जया' लावली असती तर दिव्याने फारसे बिघडले नसते. पण त्याच्या घरी पेजेस गावठी तांदूळच लागतो. बडोद्या-इंदुराकडील वाचकांस हा हट्ट वाटेल. गोमंतकीयांस वाटणार नाही.

दिवा काढा, असे तो एकदाही म्हणाला नाही. त्याची नात त्याच वाटेने येते. तो तुकडा त्याने गुरांना कापून घातला. आम्ही भरपाई देऊ केली, ती घेतली नाही.

यंदा दिव्यास शेताच्या बाजूने पत्र्याची झापड बसवून घेतली आहे. शेत पसवले; कडेच्या दोन ओळी तेवढ्या अजून राहिल्या आहेत. रोज शाळेत जाताना आम्ही तेथे थांबतो.