मिळतंय म्हणून घ्यायचं का?

दोन रविवारांपूर्वी कोंढव्यात पंधरा-वीस मुलामुलींशी गप्पा मारायला गेलो होतो. विषय साधाच होता, आयटीतल्या नोकऱ्या. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारले, "सर, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरलं तर खरंच गुन्हा होतो का?" खोलीत हशा पिकला, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तसे काही ना काही होते. मग एका मुलीने विचारले, "कंपनी स्वतःच्या पैशाने माणूस ठेवते. मग कोणाला घ्यायचं ते तिने ठरवलं तर त्यात चूक काय?" दोन ठिकाणी चांगली मुलाखत देऊनही तिला पुढे काहीच कळवले गेले नव्हते. तरीही हा प्रश्न ती रागाने नाही, तर खरोखर उत्तर हवे म्हणून विचारत होती. तिसरा प्रश्न तिच्या मैत्रिणीचा होता : "मी इन्स्टाग्रामवर काय टाकते ते एचआरवाल्यांनी का बघावं?"

त्या दिवशी मी तिन्ही प्रश्नांना तीन वेगळी उत्तरे दिली. घरी येताना जाणवले की प्रश्न मुळात एकच होता. एखादी गोष्ट हाताशी आहे आणि अडवणारे कोणी नाही, एवढ्यावर ती घेण्याचा हक्क मिळतो का? फाइल डाउनलोड होते, म्हणून ती माझी होते का? खुर्ची माझी आहे, म्हणून नाव वाचूनच अर्ज बाजूला टाकायचा मला हक्क आहे का? फोटो उघडा दिसतो, म्हणून तो मी हवा तसा वापरू का?

गंमत अशी की या तीन प्रश्नांत आपण बाजू बदलतो. पहिल्यात आपल्याला स्वातंत्र्य हवे असते, कारण घेणारे आपण असतो. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात आपल्याला बंधन हवे असते, कारण तिथे गमावणारे आपण असतो. न्यायाची भाषा वापरायची असेल, तर ही सोयीची अदलाबदल आधी तपासली पाहिजे.

सुरुवात स्वतःपासून करतो. माझे इंजिनिअरिंग एका सीनियरच्या पेन ड्राइव्हवर झाले. विंडोज, मॅटलॅब, ऑटोकॅड, सगळे त्याच्यातून आले. महिन्याचा मेसचा खर्च भागवताना नाकी नऊ यायचे, तिथे परवान्याचा विचारही कोणी करत नव्हते. तेव्हा मला अपराधी वाटले नाही, आणि आजही त्या मुलाला मी चोर म्हणणार नाही. पण कायदा काय म्हणतो ते त्याला माहीत असावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना संगणकावर सॉफ्टवेअर वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर पैशाच्या लाभासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. म्हणजे शिकणारा आणि कमावणारा यांत कायद्यानेही फरक केला आहे. तोच क्रॅक नोकरीच्या लॅपटॉपवर टाकलात तर मात्र तुम्ही स्वतःबरोबर कंपनीलाही अडकवता. शिवाय क्रॅकच्या फाइलबरोबर व्हायरस किती सहज येतो, हे कुठल्याही आयटी सपोर्टवाल्याला विचारा.

ज्ञान मिळवण्याचा हक्क मात्र खरा आहे, आणि तो उघडपणे मागता येतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका फोटोकॉपी दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा ठोकला. पाठ्यपुस्तकांतील भागांच्या झेरॉक्स काढून विद्यार्थ्यांना दिल्या, हे कारण होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने दिला, कारण शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना कायद्याचे कलम ५२ सूट देते. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही हे तत्त्व उचलून धरले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. विद्यार्थी आणि शिक्षकांच्या संघटना त्या खटल्यात स्वतः पक्षकार म्हणून उतरल्या होत्या. त्यांनी लपूनछपून काही केले नाही.

आज अशीच मागणी पुन्हा करायला जागा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. पण योजना सरकारी संस्थांपुरती आहे. आपल्यातली बहुतेक मुले ज्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकतात, ती तिच्या बाहेर राहिली. हा अन्याय आहे आणि त्यावर बोलले पाहिजे.

पण हाच युक्तिवाद मराठी कादंबरीच्या पीडीएफला लागू होत नाही. टेलिग्रामवर ती पीडीएफ फिरते तेव्हा नुकसान परदेशी महामंडळाचे होत नसते. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा ५०० ते १,००० प्रतींची असते. त्यातल्या शंभर प्रती विकल्या गेल्या नाहीत, तर पुढचे पुस्तक काढायचे की नाही, हा प्रश्न प्रकाशकापुढे उभा राहतो. आपल्या समाजातले नवे लेखक मराठीत लिहू लागले आहेत. त्यांचे पुस्तक फुकट फॉरवर्ड करून आपण त्यांचे कौतुक करत नाही.

मग त्या मुलाने काय करावे? मॅटलॅबऐवजी ऑक्टेव्ह किंवा सायलॅब वापरून पाहावे. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प हेच काम करतो, आणि तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत. फुकट, कायदेशीर आणि शिकण्यासारखे. मला कोणी हे विसाव्या वर्षी सांगितले असते, तर बरे झाले असते.

आता खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला येऊ. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी मुलाखतीच्या पॅनलवर होतो. पाच अर्ज उरले होते. लेखी चाचणीत सर्वांत जास्त गुण असलेल्या मुलीचे नाव आले, तेव्हा पॅनलवरच्या एकाने फोनवर तिचे प्रोफाइल उघडले. फोटोत तिने डोक्यावर स्कार्फ घेतला होता. तो एवढेच म्हणाला, "टीममध्ये जुळवून घेईल का?" कोणी काही वावगे बोलले नाही. यादी चारवर आली. पॅनलवर मी एकटाच मुस्लिम होतो. बोललो तर 'आपल्या लोकांची बाजू घेतो' असे म्हणतील, या भीतीने मी गप्प बसलो. क्रॅकबद्दल मला कधी लाज वाटली नाही, पण त्या पाच मिनिटांची आजही वाटते.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. बोलावणे येणे आणि न येणे यांचे जे गुणोत्तर उच्चवर्णीय हिंदू नावाला मिळाले, त्याच्या एक तृतीयांशच मुस्लिम नावाला मिळाले. दलित नावाला दोन तृतीयांश. म्हणजे ही लढाई आपल्या एकट्यांची नाही. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने एकसारखे बायोडेटा 'हबीबा अली' आणि 'प्रियांका शर्मा' या दोन काल्पनिक नावांनी एक हजार जाहिरातींना पाठवले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, हबीबाला १०३. तिने काय करायला हवे होते? अजून एक कोर्स?

कायद्याची स्थिती त्या मुलीला माहीत नव्हती आणि खोलीतल्या बाकीच्यांनाही नव्हती. संविधानाचे अनुच्छेद १६ धर्माच्या आधारे भेदभावाला मनाई करते, पण सरकारी नोकरीत. खासगी कंपनीसाठी अपंगत्वाबाबत २०१६ चा, एचआयव्हीबाबत २०१७ चा आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींबाबत २०१९ चा कायदा आहे. स्त्रियांच्या भरतीतील भेदभावाला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. धर्माच्या कारणावरून खासगी नोकरी नाकारण्याविरुद्ध मात्र असा थेट केंद्रीय कायदा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग आजवर झालेला नाही. मे २०१५ मध्ये मुंबईत एका एमबीए झालेल्या तरुणाला एका निर्यात कंपनीने 'आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो' अशा अर्थाचा ईमेल पाठवला, तेव्हा गदारोळ झाला आणि गुन्हाही नोंदला गेला. त्यातून कंपन्या काय शिकल्या? कारण लेखी द्यायचे नाही, हे.

मालकाचे स्वातंत्र्य खोटे आहे, असे माझे म्हणणे नाही. अनुच्छेद १९ ने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. कौशल्य, अनुभव, कामाची वेळ, पगार यांवर त्याने हवी तशी पारख करावी. जन्माने मिळालेल्या नावावर नाही, कारण नावाचा कामाशी संबंध नसतो. "कायदा केला तरी मालक दुसरे कारण सांगेल," हा आक्षेप खरा आहे. पण कारण सांगावे लागणे, ते लिहून ठेवावे लागणे, यानेही फरक पडतो. माझ्या त्या पॅनलवर "का वगळले?" असा एक रकाना भरायचा असता, तर "जुळवून घेईल का" असे कोणी लिहिले नसते. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतो. म्हणजे छोट्या दुकानदाराला मोकळीक देऊनही मोठ्या कंपनीला बांधता येते. यंत्राकडून निवड करून घेतली की भेदभाव संपेल, या भ्रमातही राहू नका. अॅमेझॉनने तयार केलेली अशी एक प्रणाली स्त्रियांच्या बायोडेटांना कमी गुण देत होती, म्हणून सोडून द्यावी लागल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. जुन्या निवडींवर शिकलेले यंत्र जुनीच निवड करते.

हाच नियम आपल्या मोहल्ल्यातही लावायचा आहे. आपल्या शाळेत, दुकानात, दवाखान्यात माणूस घेताना आपण काय पाहतो? बिरादरी? फिरका? मुलगी असेल तर लग्न कधी, बुरखा घालते की नाही? "आपलाच मुलगा आहे" म्हणून पुढे केलेली शिफारस कोणाची तरी जागा घेते. बाहेर समान संधी मागायची आणि आत ती द्यायची नाही, हे चालणार नाही.

तिसरा प्रश्न त्या फोटोचा. ती मुलगी नापास झाली नव्हती. तिचा फोटो उपलब्ध होता, म्हणून तो पाहिला गेला आणि तिच्याविरुद्ध वापरला गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमत झाला. पण तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. मिळतंय म्हणून घेतलं, हे कायद्यानेच मान्य केल्यासारखे आहे.

उपलब्ध फोटोंचे काय होऊ शकते, ते आपण जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई'च्या वेळी पाहिले. मुस्लिम स्त्रियांचे सार्वजनिक फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. अटक झालेल्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. कोड लिहायला शिकलेली, वीस-बावीस वर्षांची मुले. कौशल्य आपल्यासारखेच होते, थांबायचे कुठे ते कोणी शिकवले नव्हते.

अशा घटनांनंतर आपल्या घरांत पहिला उपाय निघतो, "मुलींनी फोटोच टाकू नयेत." हा उपाय नाही, ही दुसरी शिक्षा आहे. २०१९ मध्ये केरळमधील एका महाविद्यालयीन तरुणीने वसतिगृहाच्या मोबाइलबंदीला आव्हान दिले. केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला वसतिगृहात परत घ्यायला लावले. आपल्या पालघरची गोष्ट तर अजून जवळची. नोव्हेंबर २०१२ मध्ये एक फेसबुक पोस्ट लिहिली म्हणून एका तरुणीला आणि ती 'लाइक' केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी आयटी कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. गप्प बसून ते झाले नसते.

म्हणून त्या तिघांना आता एकच उत्तर देतो. काही घेण्याआधी, नाकारण्याआधी, फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी पाहा. नुकसान कोणाचे होते? त्याची संमती आहे का? आणि मी त्याच्या जागी असतो, तर हाच नियम मला मान्य झाला असता का? गरजू विद्यार्थ्याने झेरॉक्स काढलेला धडा या कसोटीवर बहुतेक वेळा टिकतो. कादंबरीची पीडीएफ, नाव पाहून टाकलेला अर्ज आणि न विचारता उचललेला फोटो टिकत नाहीत.

तुमच्यातले काही जण पाच-सात वर्षांत पॅनलवर बसतील. तिथे कोणीतरी फोन उघडून "जुळवून घेईल का?" असे म्हणेल. तेव्हा मोठे भाषण नको. "तिचे गुण किती आहेत?" एवढेच विचारा. मी ते विचारायला हवे होते.