भिंत वाकडी चालेल, पोकळ चालणार नाही

कपाशीचा पैसा हाती आला आणि घरात लग्न ठरले, की अंजनगाव तालुक्यात घरोघरी छपाई निघते. छपाई म्हणजे बाहेरून सिमेंटचा गिलावा. पंधरा दिवसांत रंग लागतो, मांडव पडतो, पाहुणे जेवून जातात. कटकट पुढे सुरू होते. संध्याकाळचे तिरपे ऊन भिंतीवर पडले, की कुठे पोट आलेले दिसते, कुठे खड्डा. दोन पावसाळे गेले की खालची हातभर पट्टी फुगते आणि पोपडे सुटतात. मग मिस्त्र्याला बोलावणे जाते आणि मिस्त्री म्हणतो, "काही फिकर करू नका भाऊ, वरून एक हात मारून देतो, बाकी रंगात झाकून जाईन."

राजेहो, हा वरचा 'एक हात'च आपल्या घरांचा घात करतो आहे. भिंत वरखाली दिसते म्हणून आपण मिस्त्र्याशी भांडतो, पण ती आतून पोकळ आहे का, हे कोणी पाहत नाही. वाकडी पण घट्ट भिंत वीस-पंचवीस वर्षे काढते. गुळगुळीत पण पोकळ भिंत पहिल्याच झडीत उघडी पडते.

हे आपल्याकडे जास्त का होते, याची तीन कारणे आहेत. पहिले कारण पाणी. तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तेच पाणी आपण सिमेंटमध्ये कालवतो आणि वरून सात दिवस तेच शिंपडतो. पाणी उडून जाते, मीठ भिंतीत राहते. ओल आली की ते विरघळते, ऊन पडले की पृष्ठभागाशी येऊन त्याचे खडे बनतात आणि ते आतून गिलावा ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. म्हणजे खारे पाणी गिलाव्याचेच नव्हे, स्लॅबच्या सळईचेही वैरी आहे.

दुसरे कारण जमीन. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा पाया हलला की भिंतीला पायरी-पायरीने तडा जातो. असा तडा बुजवण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा पाहावे. तडा वाढत असेल तर छपाईला पैसे घालू नका. आधी घराभोवतीचे पाणी दूर काढा, पन्हाळीचे पाणी पायाशी पडू देऊ नका, जोत्याभोवती मुरूम ठोकून बाहेर उताराची फरशी करा.

तिसरे कारण ऊन. आपण छपाई काढतो ती नेमकी ४४-४५ अंशांच्या उन्हात. ओला माल ताठ होण्याआधीच वाळतो, त्याला बारीक तडे जातात, तो विटेला धरत नाही. वेचणी आटोपल्यावर माघ-फाल्गुनात काम काढले तर अर्धा प्रश्न सुटतो. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारनंतर पूर्वेची भिंत घ्यावी, म्हणजे काम सावलीत होते.

आता झालेली चूक दुरुस्त कशी करावी? आधी सगळी भिंत लाकडी दांड्याने हलके ठोकत जावे. टणक आवाज आला तर ती जागा ठीक. मडक्यासारखा भद्द आवाज आला तर खडूने गोल करावा. त्या गोलातला माल विटेपर्यंत काढून टाकावा, कडा सरळ कापाव्यात. जो घट्ट आहे, त्याला हात लावू नये.

मग ओळंबा आणि लाइनदोरी लावून खोली मोजावी. थोडे पोट असेल तर घासून काढता येते. खड्डा असेल तर जुना पृष्ठभाग छिन्नीने खडबडीत करावा, धूळ झाडावी, आदल्या दिवशी भिंत भिजवावी, सिमेंटची पातळ रबडी मारून लगेच माल लावावा. एका थराची जाडी १२ ते १५ मिलिमीटर, त्यापुढे नाही. खड्डा खोल असेल तर दोन थर द्यावेत. पहिला थर थापीच्या टोकाने ओरबाडून एक दिवस ठेवावा, मग दुसरा. इंचभर माल एका दमात थापला की तो स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि पुन्हा पोट येते. एक भाग सिमेंट, चार ते पाच भाग चाळलेली रेती पुरे. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती नव्हे, जास्त तडे. कालवलेला माल ताठ झाला की पाणी टाकून पुन्हा वापरू नये. आणि सात दिवस पाणी मारावे, तेही गोडे.

जुन्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. वऱ्हाडात पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांवर सिमेंटची छपाई करू नये. माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, आतली ओल कोंडते आणि आख्खा पापुद्रा सुटून येतो. माती, कुटार आणि शेण यांचा जुना लेप किंवा चुना या भिंतींना मानवतो. दर वर्षी हात फिरवावा लागतो, हे खरे. पण त्याला सिमेंटच्या पोत्याचा खर्च नाही.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि अभियंता मंडळींना दोन शब्द. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. गिलावा शेवटी येतो आणि तोवर पैसा संपत आलेला असतो. मग खारे पाणी, मातकट रेती आणि घाई यांवर गरिबाचे घर उभे राहते. हप्त्यासाठी घराचा फोटो काढला जातो. फोटोत भिंत सरळ दिसते, पोकळ दिसत नाही. फोटो काढायला गेलेल्या माणसाने दहा ठिकाणी भिंत ठोकून पाहिली तर पाच मिनिटे लागतील.

पाण्याचेही तसेच. शहानूर धरणाचे गोडे पाणी अंजनगाव-दर्यापूर भागातल्या अनेक गावांना नळाने मिळते. सिमेंटच्या एका पोत्याच्या मालाला साधारण २५ ते ३० लिटर पाणी लागते. खारपाणपट्ट्यातल्या ग्रामपंचायतीने ग्रामसभेत ठराव करून प्रत्येक घरकुलाला बांधकामापुरते गोड्या पाण्याचे टँकर द्यावेत. जलजीवन मिशनच्या तपासणी किटमध्ये क्लोराइड पाहता येते. पिण्याचे पाणी तपासताना बांधकामाच्या बोअरचेही तपासावे आणि आकडा फलकावर लिहावा.

मिस्त्री मंडळीही आपलीच माणसे आहेत. फुटाच्या भावाने काम दिले की हात घाईने चालतो, यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. भाव ठरवतानाच सांगावे की सात दिवस पाणी मारल्यावर भिंत ठोकून पाहू आणि मगच शेवटचे पैसे देऊ. असा बोल आधीच झाला तर नंतर भांडण राहत नाही. येत्या ग्रामसभेत घरकुलाच्या यादीसोबत पाण्याचा आणि या ठोकणीचा विषयही कोणीतरी काढावा.