फुकटचे खनिज

आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ साली सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळ-खेळात कारखानदारीही करता येते. ब्लूप्रिंट घ्यायची, ट्रिटॅनियमसारखी खनिजे जमवायची, वस्तू बनवून बाजारात विकायची. नवखा म्हणतो, ‘खनिज मीच खणले, म्हणजे फुकट!’ इथेच तो बुडतो. समजा, ते खनिज तसेच विकून १०० इस्क, म्हणजे खेळातले चलन, मिळते आणि त्यापासून बनवलेली वस्तू ९५ ला जाते. मग नफा कुठला? कारखान्याचे शुल्क, विक्रीकर, दलाली वेगळीच. म्हणून आधी बाजारभाव पाहावा, खर्च मांडावा, थोड्या मालाने सुरुवात करावी. खेळणाऱ्या मुलांना हा हिशेब जरूर शिकवा. स्वतःच्या घामाची किंमत शून्य धरणारा कष्ट करूनही तोट्यातच राहतो.