वर काय दिसलं?

डिसेंबर २०२४ मध्ये कसबा बावड्यातल्या एका गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात त्यांना मृत ठरवलं गेलं, घरी पुढची तयारी सुरू झाली, आणि वाटेत ॲम्ब्युलन्स स्पीडब्रेकरवर आदळली. बोटं हलल्याचं घरच्यांनी पाहिलं, गाडी दुसऱ्या दवाखान्याकडं वळवली, तिथं ॲंजिओप्लास्टी झाली आणि पंधरवड्यानं गृहस्थ स्वतःच्या पायांनी घरी आले. बातमी देशभर गेली. कोल्हापुरात त्या स्पीडब्रेकरला नारळ वाढवायचा तेवढा बाकी राहिला. आपल्या रस्त्यांच्या वाट्याला एवढं पुण्य आजवर कधी आलं नव्हतं.

मला त्या गदारोळात महत्त्वाचं वाटलं ते त्यांनी स्वतः सांगितलेलं. फिरून आलो, चहा घेतला, चक्कर आली, उलटी झाली. पुढचं काही आठवत नाही, दवाखान्यात कुणी नेलं तेही नाही. एवढंच.

हे ‘काही आठवत नाही’ लोकांना पचत नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्यानं येताना काहीतरी आणायलाच हवं, अशी आपली पक्की समजूत. त्यातून माणूस माळकरी असला तर विठ्ठल दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर भेटायला आलेले पाव्हणे हिरमुसतात, आणि कधीकधी त्या माणसालाच वाटायला लागतं की आपल्या भक्तीत काही कमी होतं की काय. डच हृदयतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मरणाजवळचा अनुभव आल्याचं सांगणारे निघाले ६२. उरलेल्या २८२ जणांकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे बावड्याचे गृहस्थ मोठ्या पंगतीत बसलेत.

आणि ज्यांना दिसतं, त्यांनाही आपापल्या मुलखातलंच दिसतं. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या अशा १६ घटना मांडल्या. पाश्चात्त्यांना दिसतो तो बोगदा इथं सापडला नाही. इथं यमदूत येतात, धरून नेतात, वर कुणीतरी चोपडी उघडून बसलेला असतो आणि तो खेकसतो, की भलताच माणूस आणलात, नेऊन सोडा. तलाठ्याकडं सात-बारा काढायला गेलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल.

या सदरात मी एरवी दवाखान्याची बिलं, सरकारी योजना आणि मोकळ्या खाटा यांबद्दल लिहितो. आज लिहायचंय ते त्या खाटेवरून माणसाबरोबर घरी येणाऱ्या आठवणींबद्दल, कारण त्यांची चौकशी डिस्चार्जच्या कागदावर कुठंच नसते.

आयसीयूत दिवस आणि रात्र सारखेच. दिवे चालू, मॉनिटर वाजत, दर थोड्या वेळानं कुणी ना कुणी अंगाला हात लावतंय. नळी ओढू नये म्हणून मनगटं मऊ पट्टीनं कॉटला बांधलेली. रक्तात जंतू, अंगात ताप, शिरेतून गुंगीचं औषध. चष्मा काढलेला, कवळी काढलेली, कानातलं यंत्र सुनेच्या पर्समध्ये. अशा अवस्थेत मेंदू भरकटला नाही तरच नवल. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत काही अभ्यासांत त्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत आढळलंय. आरडाओरडा करणारा चटकन लक्षात येतो. गप्प पडून छताकडं बघत राहणारा येत नाही, उलट ‘आज अगदी शांत आहेत’ म्हणून घरच्यांना दिलासा दिला जातो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त एसटी कंडक्टर न्यूमोनियानं असेच व्हेंटिलेटरवर होते. घरच्यांनी जोतिबाला नवस बोलला. काका बरे झाले, चैत्रात डोंगरावर जाऊन गुलाल-खोबरं उधळून आले, सगळं यथासांग झालं. नंतर केव्हातरी रंकाळ्यावर फिरताना ते एकदम म्हणाले, “मला गुऱ्हाळावर न्हेऊन बांधून घातलंतं.” मी गप्प राहिलो. चुलवाणाशेजारी त्यांना आडवं बांधलं होतं. काहील रटरटत होती. तोंडाला फडकी बांधलेली माणसं यायची, अंगावर वाकायची, आपसात कुजबुजायची आणि निघून जायची. चरक रात्रंदिवस थांबत नव्हता. आणि सून बाजूला उभी राहून नुसती बघत होती, सोडवत नव्हती.

ताप, बांधलेले हात, मास्क लावलेल्या सिस्टर, व्हेंटिलेटरचा आवाज. उलगडा करायला वेळ लागत नाही. सून काचेपलीकडं हात जोडून उभी होती, तेवढीच परवानगी होती तिला. पण काका घरी आल्यावर कितीतरी दिवस तिच्या हातचा चहा नको म्हणायचे आणि त्या बिचारीला कारण कळत नव्हतं. मी विचारलं, घरात बोलला का नाही? तर म्हणाले, “देवानं वाचिवलं म्हणत्यात सगळी. त्यात ह्ये कुठं सांगू?”

माझं म्हणणं सगळं या एका वाक्यात आहे. आयसीयूतल्या आठवणींपैकी पवित्र तेवढ्या आपण ऐकून घेतो. अंबाबाई उशाशी येऊन बसली म्हणणाऱ्या आजीच्या पाया पडायला गल्ली लोटते. सिस्टर विष घालत होती, मला पोत्यात भरलं होतं, माझा मुलगा पलीकडं माझा सौदा करत होता, असं ज्यांना दिसलं ते तोंडाला कुलूप लावून बसतात. दोन्ही दृश्यं त्याच तापातून आणि त्याच गुंगीतून आलेली असू शकतात. मी आजीची देवी खोटी पाडायला निघालेलो नाही. तिला त्यातून बळ मिळत असेल तर डॉक्टरांनीही तिथं शहाणपणा शिकवू नये. पण कुलूप लावून बसलेल्यांना झोप येत नाही, दवाखान्याच्या वासानं घाम फुटतो, तपासणीची तारीख चुकवली जाते. ब्रिटनमधल्या क्रिस्टिना जोन्स आणि रिचर्ड ग्रिफिथ्स यांच्या गटाला २००१ सालच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं, की त्रासाची का होईना पण खरी आठवण ज्यांच्याजवळ होती ते त्या मानानं सावरले. ज्यांच्याजवळ नुसते भास होते त्यांना जास्त जड गेलं.

मग खरी आठवण द्यायची कशी? कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या आवारात एक फेरी मारा. चंदगड, आजरा, गगनबावड्यापासून तळकोकणापर्यंतची माणसं चटई टाकून बसलेली असतात. पिशवीत जोतिबाचा गुलाल, नृसिंहवाडीच्या दत्ताचं तीर्थ, अंबाबाईचं कुंकू, बाबूजमाल दर्ग्याचा दोरा. आत जायला मिळालं की यातलं काय वापरायचं यावरून दारात हुज्जत. नळी असलेल्या तोंडात तीर्थ घालू नये, ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनियाला आमंत्रण. मानेतल्या शिरेच्या सुईजवळ अंगारा नको. इथं सिस्टरचं ऐकायचं, वाद नाही. पण तुळशीची माळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नातेवाइकांच्या हातात देण्यावाचून गत्यंतर नसतं का? ती पुसून कॉटच्या कठड्याला, त्याला दिसेल अशी बांधता येते. फोनवर तारकमंत्र हळू आवाजात लावायचा असेल तर लावू द्यावा. मंत्रानं गुण येतो की नाही हा वाद भक्तांनी आणि डॉक्टरांनी बाहेर कॅन्टीनमध्ये घालावा. आत पडलेल्याला तो आवाज ओळखीचा आहे, आणि तिथं ओळखीचं दुसरं काही नाही. उजेडाचंही तसंच. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचं ऊन देवीच्या चरणांवर थांबलं की कमरेपर्यंत चढलं, याची चर्चा करणारं आपलं गाव. आयसीयूला खिडकी आहे का, हे मात्र आपण विचारत नाही.

आणि एक वही. स्कॅंडिनेव्हियातल्या नर्सनी १९८० नंतरच्या काळात ही पद्धत सुरू केली: बेशुद्ध माणसासाठी रोज चार ओळी लिहायच्या, आज काय झालं, कोण आलं. जोन्स यांच्याच गटानं २०१० साली युरोपातल्या ६ देशांतल्या ३५२ रुग्णांवर ती तपासली, तेव्हा मनावरच्या आघाताचा आजार नव्यानं जडणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पुढं २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंत केलेल्या मोठ्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे वही हा काही रामबाण नाही. तरी मी तिच्या बाजूचा आहे, कारण आपल्याकडं घरच्यांच्या हाती तारीखवार लिहिलेली एकच गोष्ट पडते, ती म्हणजे औषधांची बिलं. कंडक्टरकाकांनी शेवटी तीच मांडून हिशेब लावला. तिकिटांचा हिशेब लावण्यात हयात गेलेली. कुठल्या तारखेला गुंगीचं इंजेक्शन सुरू झालं, कधी बंद झालं, आणि गुऱ्हाळ नेमकं त्याच दिवसांत कसं बसतंय, हे त्यांनी सुनेला स्वतः दाखवलं. ती रडली, म्हणे, आणि मग भांडलीही.

डॉक्टर म्हणतील, नर्सना श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि लिहिलेलं उद्या कोर्टात आलं तर? दोन्ही रास्त. म्हणून नर्सनी लिहूच नये. बाहेर चटईवर बसलेल्यांच्या हाताला काम हवंच असतं. शंभर पानी वही पुरते. पहिल्या पानावर तारीख, वार आणि का दाखल केलं ते. मग रोजचं: हात का बांधलेत, नळी कधी काढली, सून किती वाजता काचेपाशी उभी होती, गुलाल कुणी आणला, म्हैस व्याली का, पंचगंगेचं पाणी कुठवर आलं. घरी आणल्यावर ती त्यांच्यापुढं लगेच ठेवू नका. मागतील तेव्हा द्या, आणि पहिल्यांदा वाचताना कुणीतरी शेजारी बसा.