अलेप्पीची हाउसबोट आणि ‘निसर्गाची देणगी’ : एक थ्रेड

१/ अलेप्पीच्या हाउसबोटीतून वेंबनाड सरोवर पाहणाऱ्या बहुतेकांच्या छायाचित्रांखाली एकच ओळ असते : ‘निसर्गाची देणगी’. माझे मत असे की ही ओळ ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची आहे. आणि ही चूक निरुपद्रवीही नाही.

२/ प्रथम नौकेविषयी. वातानुकूलित शयनगृहे असलेली ही हाउसबोट म्हणजे मूळची केट्टुवळ्ळम. मल्याळममध्ये केट्टु म्हणजे बांधणे, वळ्ळम म्हणजे होडी. लाकडी फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवून ती घडवली जाई आणि तिच्यातून भाताची वाहतूक होई. रस्ते झाले, ट्रक आले, नौकेचे काम संपले. १९९० च्या दशकात ती पर्यटनात अवतरली.

३/ आता तो भात पिकत असे, त्या भूमीविषयी. कुट्टनाडची अनेक शेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. काही तर दोन मीटरपेक्षाही अधिक खोल. म्हणूनच नौकेतून पाहताना पाणी वर आणि शेत खाली दिसते. ही रचना निसर्गाने केलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्यक्ष सरोवराच्या तळातून फार मोठे क्षेत्र शेतीखाली आणले गेले.

४/ कसे? पाण्यात खांबांच्या दुहेरी रांगा ठोकायच्या. मजुरांनी बुड्या मारून तळाचा चिखल वर काढायचा. वाळू, फांद्या आणि चिखल भरून बांध उभारायचा. मग आतले पाणी उपसायचे : आधी पायांनी फिरवायच्या चक्रांनी, पुढे इंजिनांनी. हे काम प्रामुख्याने पुलय आणि परय समाजांतील स्त्री-पुरुषांनी केले. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८५५ मध्ये. म्हणजे या मजुरांपैकी अनेकांचे आजी-आजोबा गुलाम म्हणून जन्मले असणार.

५/ फुटणारा बांध टिकावा म्हणून पुलय मजुराला त्यात जिवंत गाडल्याच्या कथा तिथल्या मौखिक परंपरेत आहेत. ‘दस्तऐवज कुठे आहे?’ असा प्रश्न येईलच. तो रास्त आहे. पण दस्तऐवज लिहिणारे जमीनदारांच्या बाजूचे होते, हेही विसरू नये. कथा घटनेचा पुरावा नसली, तरी ती सांगणाऱ्यांच्या भयाचा पुरावा निश्चितच आहे.

६/ १९४० च्या दशकात मुरिक्कन या जमीनदाराने सरोवरातून काढलेल्या विस्तीर्ण शेतांची नावे पाहा : चित्तिरा, मार्तंडम, राणी. ही नावे त्रावणकोर राजघराण्यावरून आली. भांडवल लावणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले, राजघराण्याचे नकाशावर राहिले. बुडी मारणाऱ्याचे कुठेच नाही.

७/ २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कुट्टनाडच्या या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. वारसा म्हटला की तो निर्माण करणारेही आले. म्हणूनच ‘निसर्गाची देणगी’ या शब्दांना माझा आक्षेप आहे : देणगी म्हटली की श्रम अदृश्य होतात, आणि श्रम अदृश्य झाले की त्यांचे ऋणही उरत नाही.

८/ नौकाविहार करू नका, असे मी म्हणत नाही. अवश्य करा. मात्र पुढच्या वेळी छायाचित्र काढताना माडांच्या रांगेखालचा तो मातीचा बांधही चौकटीत घ्या. तो कोणीतरी श्वास रोखून, ओंजळ-ओंजळ चिखल वर आणून रचलेला आहे.