आगबंदीने जंगल वाचत नाही

दरवर्षी 15 फेब्रुवारीला वनखात्याचा वणवा-हंगाम सुरू होतो आणि 15 जूनपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाची पानगळीची जंगले धुमसत राहतात. नोव्हेंबर 2020 ते जून 2021 या काळात उपग्रहांनी देशातील वनांत साडेतीन लाखांच्या आसपास आगी टिपल्या. त्यावर सरकारी उत्तर ठरलेले: गुन्हे दाखल करा, फलक लावा, ब्लोअर वाटा. वणव्याला पोसणारा पालापाचोळा मात्र दर हिवाळ्यात साचतच राहतो.

एप्रिल-मेच्या उन्हात वाऱ्यावर स्वार झालेली आग रोपे, अंडी, पिल्ले सारेच गिळते. थंडी सरताना, हवेत ओल असताना आणि वारा पडलेला असताना लावलेली आग जमिनीलगत राहून पाला जाळते आणि विझते. जाणत्या वनवासींना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कायद्याला तो दिसत नाही. 1927च्या वन कायद्याच्या कलम 26 नुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे हक्कच राज्य सरकार स्थगित करू शकते. आग एकाने लावावी आणि चूल साऱ्या गावाची विझावी! अशा कायद्याच्या छायेत वणव्याची खबर द्यायला कोण धावून येईल?

कर्नाटकातील बिळिगिरीरंगन टेकड्यांचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथील सोलिगा आदिवासी उन्हाळ्याच्या तोंडी पाला जाळत. 1974 मध्ये अभयारण्य झाले, आग बंद झाली. पुढे 1997 ते 2008 या अवघ्या अकरा वर्षांत तेथील घाणेरी (लँटाना) या झुडपाचा पसारा जवळपास दुप्पट झाला. आवळ्यावर बांडगूळ माजले तेही आग थांबल्यामुळेच, असे सोलिगा सांगतात. आगबंदी हे एकमेव कारण नसेलही; पण माणसाहून उंच वाढलेल्या घाणेरीत शिरलेली आग जमिनीवर थांबत नाही, शेंड्यापर्यंत चढते. तिथे आता नुसती काडी लावून भागणार नाही. आधी झुडूप मुळासकट उपटावे लागेल. उशिराची किंमत ती हीच.

आमचा आग्रह सरसकट जाळण्याचा नाही. सह्याद्रीच्या सदाहरित रानात आगीला थारा नको. विदर्भातही मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून वर्षानुवर्षे तीच जागा जाळली जात असेल, तर ते थांबलेच पाहिजे. पण नियोजित जाळणी वनखात्याला परकी नाही. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, ते दरवर्षी जाळतेच. काझीरंगात गवताळ पट्टे जाळून गेंड्या-हरणांचा चारा राखला जातो. खात्याने जाळले तर व्यवस्थापन आणि ग्रामसभेने जाळले तर गुन्हा, हा न्याय कुठला?

वाट कायद्यातच आहे. त्याच कलम 26 मध्ये वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी किंवा राज्याचे नियम यांचा अपवाद आहे. 2006चा वनहक्क कायदा ग्रामसभेला सामूहिक वनाचे व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. अडते ते भीतीपाशी. उपग्रहाच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका अधिकाऱ्याचे अपयश ठरतो. मग परवानगीवर सही कोण करील? 2022 मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत वनखात्याने लावलेल्या नियोजित आगी हाताबाहेर गेल्या आणि सुमारे 3 लाख 40 हजार एकर प्रदेश जळाला. तिथे जाळणी 90 दिवस थांबवून कार्यपद्धती तपासली गेली आणि काम पुन्हा सुरू झाले. आपल्याकडे असे काही घडले तर तपासणी कशाची करणार? कार्यपद्धतीच लिहिलेली नाही.

राज्य सरकारने पुढचा 15 फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी हे नियम करावेत: जागा, वेळ आणि वाऱ्याची मर्यादा ठरलेली, जाळरेषा आधी काढलेली, ग्रामसभेचा ठराव सोबत आणि नियम पाळून काम करणाऱ्या वनरक्षकाला व गावकऱ्याला कायद्याचे संरक्षण. सुरुवात गडचिरोलीतील सामूहिक वनहक्क मिळालेल्या मोजक्या गावांपासून व्हावी आणि परिणामांची नोंद जाहीर करावी. पाला पुन्हा साचतो आहे.